संख्याशास्त्रात मास्टर्स करायचंय, तीनच अर्ज परवडतील. सल्ला हवा

पानगळ :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

वय ३१. पदवी वनस्पतिशास्त्राची. गेली सहा वर्षं बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. उगवणीच्या चाचणीला चारशे बिया घेतो, शंभर-शंभरचे चार संच. चारही संचांचे आकडे एकमेकांपासून फार लांब गेले तर चाचणी पुन्हा लावायची. 'फार लांब' म्हणजे किती, ते भिंतीवरच्या तक्त्यात बघायचं. सहा वर्षं तो तक्ता बघतेय. त्यातला एकेक आकडा कुठून आला हे आमच्याकडे कुणालाच सांगता येत नाही, आणि आता मला ते सहन होत नाही. म्हणून संख्याशास्त्र रीतसर शिकायचंय.

अडचणी अशा: अर्जांच्या शुल्कासाठी जे बाजूला ठेवलंय त्यात तीनच अर्ज बसतात. जीआरई (परदेशी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा) देणार नाही, तो खर्च झेपत नाही. क्लास लावणार नाही. नोकरी सांभाळून रोज दोन तास मिळतात. पदवीला गणित थोडंच होतं आणि लिनियर अल्जेब्रात (मॅट्रिक्सच्या गणितात) काठावर पास आहे. मुदत चार महिन्यांवर आलीय. अभ्यासक्रम प्रबंध असलेलाच हवा.

काय वाचू, कुठल्या प्रकारच्या ठिकाणी अर्ज करू, आणि अल्जेब्राच्या त्या मार्कांचं काय करू? जाणकारांनी कृपया लिहावं.

तिरकी_रेघ :
तीन अर्ज म्हणजे अगदीच कमी. मी नऊ केले होते, पाच ठिकाणांहून होकार आला, दोन ठिकाणी फीमध्ये सवलतसुद्धा मिळाली. जीआरई द्याच. क्वांटला, म्हणजे त्यातल्या गणिताच्या भागाला, १७० पैकी १६८ होते माझे, मग बाकी प्रोफाइलबद्दल कुणी काही विचारलं नाही. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झालीय, दोन तासांच्या आत आटोपते, स्कोअर पाच वर्षं चालतो. पैशांची सोय होते हो, एकदाच करायचं असतं.

आडवाट :
मला विचाराल तर संख्याशास्त्र नकोच, डेटा सायन्सला जा. आमच्या मेव्हण्यानं तेच केलं, सिद्धतांच्या वाटेला गेलाच नाही आणि आज उत्तम चाललंय त्याचं. तुमच्या वयात दोन वर्षं प्रमेयं घोकण्यात घालवू नका.

पानगळ :
तिरकी_रेघ, धन्यवाद, पण जीआरईचं वर लिहिलंय. आडवाट, मला तो तक्ता कसा तयार झाला तेच शिकायचंय. सिद्धता टाळून ते कळणार नाही असं वाटतं.

शिंपला :
शीर्षकात 'सांख्यिकी' लिहा. संख्याशास्त्र म्हटलं की निम्म्या लोकांना अंकज्योतिष वाटतं. मला स्वतःला दोनदा जन्मतारीख सांगून भाग्यांक विचारलाय.

जुनी_वही :
@शिंपला, ते अंकशास्त्र. संख्याशास्त्र हाच शब्द मराठी विद्यापीठांत आणि पाठ्यपुस्तकांत रुळलेला आहे, आमच्या पदवीवरही तोच आहे.

शिंपला :
सरकारी कागदोपत्री मात्र सांख्यिकीच असतं. असो.

घुबड :
शिफारसपत्रांबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. माझं एक अख्खं वर्ष त्यात गेलं.

तीन पत्रं हवी होती. दोन आली. तिसऱ्या सरांना मी मुदतीच्या तीन आठवडे आधी विचारलं, ते 'हो हो' म्हणाले आणि मी निश्चिंत झालो. मुदतीच्या रात्री पोर्टलवर त्यांच्या नावापुढे 'प्रलंबित' दिसत होतं. फोन लागेना. अर्ज अपुरा म्हणून बाद झाला, शुल्क भरलं ते गेलंच.

म्हणून सांगतो, दोन महिने आधी विचारा. त्यांच्याकडे केलेलं काम, मिळालेले मार्क, कुठे अर्ज करताय आणि का, हे सगळं एका पानावर लिहून द्या. एक पत्र गणित शिकवलेल्या माणसाचं असायलाच हवं. साहेबांनी 'कष्टाळू आहे' असं लिहिलेलं पत्र समितीच्या काही कामाचं नसतं, तुम्हाला अमूर्त गणित झेपेल का हेच त्यांना बघायचं असतं. आणि चौथा माणूस राखीव ठेवा.

खारूताई :
आधी आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका. बाकी सगळं मागाहून येतं. मी नोकरीतच शिकले, आता दुसरीकडे बघवत नाही.

तिरकी_रेघ :
आर जुनं झालं. पायथन शिका.

खारूताई :
आर जुनं कसं? १९९३ साली ऑकलंडच्या दोन प्राध्यापकांनी जाहीर केलं, पायथन त्याच्याही आधी, १९९१ साली आलं. संख्याशास्त्रातल्या नव्या पद्धतीचं पॅकेज अजूनही बऱ्याचदा आधी आरमध्येच येतं. मिश्र-परिणाम मॉडेलं आणि सर्व्हायव्हल ॲनालिसिस आरमध्ये करून बघा एकदा, मग बोला.

तिरकी_रेघ :
आमच्याकडे सगळे पायथनच वापरतात.

वडाची_पारंबी :
भाषेवरून भांडू नका, दोन्हींतली एक आली की दुसरी महिन्याभरात येते. त्यांना अडवणार आहे ते गणित.

मी बरीच वर्षं हा विषय शिकवतो आणि प्रवेश समितीवर बसलेलो आहे. पानगळ, तुम्हाला तीन गोष्टी लागतील: अनेक चलांचं कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा, आणि कॅल्क्युलसवर आधारलेली संभाव्यता. रिअल ॲनालिसिस पीएचडीचा विचार असेल तर. काठावरचे मार्क लपत नाहीत आणि निबंधात सबबी सांगून सुधारतही नाहीत. त्यानंतर घेतलेला आणि गुणपत्रिकेवर उमटणारा एखादा कोर्स असेल तर समिती नवे मार्क बघते. नुसत्या ऑनलाइन प्रमाणपत्राला मी तरी फारसं वजन देत नसे.

'मास्टर्स' या एका नावाखाली दोन वाटा असतात. एकीत सगळे कोर्स आणि शेवटी प्रकल्प किंवा परीक्षा. दुसरीत प्रबंध, म्हणजे मार्गदर्शक आधी मिळवावा लागतो. तुम्हाला दुसरी हवी असेल तर विभागाच्या पानावर गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रबंधांची शीर्षकं बघा. यादीच नसेल तर प्रबंध कागदावरच आहे असं समजा.

आणि तुमचा तक्ता. त्यावरच एसओपी, म्हणजे अर्जासोबतचा निबंध, लिहा. 'लहानपणापासून आकड्यांची ओढ होती' अशी वाक्यं मी शेकड्यांनी वाचली, त्यातलं एकही लक्षात नाही. तुमच्या भिंतीवरच्या तक्त्याची सुरुवात मात्र पदवीच्या पहिल्या वर्षाच्या गणितात सापडते. खरी उगवण ९० टक्के धरा. शंभर बियांच्या संचात किती उगवतील याचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात त्याचं माप) ०.९ गुणिले ०.१ गुणिले १०० याचं वर्गमूळ, म्हणजे ३. अशा चार संचांत सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यांच्यात सरासरी सहाचा फरक नुसत्या योगायोगानं पडतो. इथपर्यंत मी सांगितलं. पुढची ओळ तुम्ही काढा आणि कुठे अडलात ते निबंधात लिहा.

अर्ज मात्र तीनही करा, या वर्षीच करा.

पानगळ :
हे वाचून आज प्रयोगशाळेत जुन्या नोंदवह्या काढून बसले. ९० टक्क्यांच्या आसपासचे चाळीस नमुने घेतले. फरकांची सरासरी सहाच्या जवळच येतेय. सहा वर्षं हे डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं. मनापासून आभार.

शुभ्रकमळ :
कशाला आशा लावताय त्यांना? गणिताची पदवी नसलेल्यांना घेतच नाहीत. आमच्या गटातल्या चौघांनी अर्ज केले, चौघांनाही नकार. एका विभागाच्या पानावर आकडेही आहेत, जीवशास्त्रवाल्यांचं प्रवेशाचं प्रमाण गणितवाल्यांच्या निम्म्यावर.

वडाची_पारंबी :
चौघांनी कुठल्या वाटेला अर्ज केले ते सांगा, मग बोलता येईल. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं १९७३ चं उदाहरण आम्ही दर वर्षी शिकवतो. पदव्युत्तर प्रवेशांत अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. उघड अन्याय वाटला. विभागवार आकडे मांडल्यावर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं अवघड होतं, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त गेले होते. तुमच्या त्या पानावर जीवशास्त्रवाले कुठल्या वाटेला जास्त अर्ज करतात ते दिलंय का? विभागाला ईमेल करून विचारा, बरेचदा सांगतात.

शुभ्रकमळ :
नकार आल्यावर काय वाटतं ते टक्केवारीत येत नाही, सर.

जुनी_वही :
शुभ्रकमळ, ते खरंय. मलाही पहिल्या वर्षी सगळीकडून नकार होता.

पानगळ, मी आत गेल्यावरचं सांगते, कारण घोडं तिथे अडतं. प्रवेश मिळाला आणि पहिल्याच सत्रात माझा पाया कच्चा निघाला. संभाव्यता मी उड्या मारत वाचली होती. पर्याप्तता, राव-ब्लॅकवेल, क्रामेर-राव सीमा, नेमन-पिअर्सन, अनुमानशास्त्राचं (नमुन्यावरून निष्कर्ष काढण्याच्या गणिताचं) हे सगळं सहा आठवड्यांत अंगावर आलं. व्याख्यानात समजायचं, कोऱ्या कागदावर उतरायचं नाही.

एका रात्री वैतागून संगणकावर दहा-दहा निरीक्षणांचे नमुने काढत बसले. प्रत्येकाची सरासरी, प्रत्येकाचं नमुन्यावरूनच काढलेलं विचलन, आणि ते दहाच्या वर्गमुळानं भागून, १.९६ नं गुणून ९५ टक्क्यांचा अंतराल. असे दहा हजार. खरी सरासरी किती वेळा आत सापडते ते मोजलं. ९५ टक्के यायला हवं होतं, येत होतं ९२ च्या आसपास. तीनदा प्रोग्रॅम तपासला. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हती. विचलनही नमुन्यावरूनच अंदाजलं की १.९६ पुरत नाही, दहा निरीक्षणांना २.२६ लागतं. गॉसेटनं १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावानं हेच मांडलं, त्याच्यापुढे मद्याच्या कारखान्यातले छोटे नमुने होते. त्या रात्री टी-वितरण, म्हणजे हा २.२६ जिथून येतो ते गॉसेटचं वितरण, मला पहिल्यांदा खरं वाटलं. तेव्हापासून प्रत्येक प्रमेय आधी हातानं आणि मग संगणकावर, असा नेम ठेवला आणि पास झाले.

अल्जेब्राचा कोर्स पुन्हा घेऊ नका, पैसे जातील. घरी करा.

तिरकी_रेघ :
तीन अर्ज कमीच आहेत, पुन्हा सांगतो. निदान सहा.

घुबड :
+१, सहा करा. आणि पत्रांचं आजच विचारा.

आडवाट :
लॅपटॉप कुठला घेणार आहात? रॅम कमी पडली की रडायची वेळ येते.

पानगळ :
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. ठरवलंय ते सांगते, कुणाला पटणार नाही कदाचित.

या वर्षी अर्ज करत नाही. तीन अर्जांच्या पैशांतून दोन अर्जांचे पैसे लिनियर अल्जेब्राच्या क्रेडिट कोर्सला घालतेय, परीक्षेसकट, गुणपत्रिकेवर येईल असा. पुढच्या वर्षी एकच अर्ज. तिथल्या प्रबंधांच्या यादीत शेतीच्या प्रयोगांची आखणी हा विषय तीन वेळा दिसला आणि तासिका संध्याकाळी आहेत. तिथे शिकणाऱ्या एका मुलीशी तासभर बोलले. लॅपटॉप आहे तोच.

वडाची_पारंबी :
एकच अर्ज हा धोका आहे. पुन्हा विचार करा.

तिरकी_रेघ :
एक??

पानगळ :
(बऱ्याच दिवसांनी धागा वर आणतेय.) कोर्समध्ये चांगले मार्क पडले. अर्ज केला, प्रवेश मिळाला, पहिलं सत्र परवा संपलं.

रेषीय मॉडेलांचा पेपर सगळ्यात जड गेला आणि सगळ्यात जास्त आवडला. प्रक्षेपणाचं मॅट्रिक्स स्वतःलाच गुणलं तरी तेच राहतं, आणि त्याच्या कर्णावरच्या आकड्यांची बेरीज म्हणजे मॉडेलमधल्या प्राचलांची (पॅरामीटरची) संख्या. हे मी परीक्षेत न अडखळता सिद्ध केलं. वर्षभर अल्जेब्रा पुन्हा केला नसता तर त्या प्रश्नाचं पान कोरं राहिलं असतं. अनुमानशास्त्रात मात्र जेमतेम निघाले. जुनी_वही, तुमचा नेम मी उशिरा धरला.

वडाची_पारंबी, पुढची ओळ काढली. चार संचांतल्या कमाल फरकाचं वितरण घेतलं आणि टोकाचे अडीच टक्के सोडले की सीमा विचलनाच्या जवळजवळ चौपट येते. ३ गुणिले ४. आमच्या भिंतीवर ९० च्या ओळीत १२ च लिहिलेलं आहे.

घुबड, तिसरं पत्र मुदतीच्या दिवशी रात्री अकराला आलं. साडेदहाला मी तुमच्या राखीव माणसाला, म्हणजे माझ्या अल्जेब्राच्या बाईंना, फोन लावत होते.