वरातीत टिकणारा डीजे हेडफोन, बजेट ६ हजार: कुठला घ्यावा?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. पायोनियरच्या एफएलएक्स४ डीजे कंट्रोलरवर (गाणी मिक्स करायचं यंत्र) वाजवतो, वराती आणि गणपतीची कामं जास्त. सध्या गाणी ऐकायचा साधा हेडफोन वापरायलोय. बेस-टॉप (मोठे स्पीकर) सुरू झाले की कानात क्यू, म्हणजे पुढचं गाणं लावण्याआधी फक्त आपण ऐकतो ते, ऐकूच येत नाही, आणि जॅकपाशी वायर हलली की गडबड होते. दोन-तीन सीझन टिकेल असा कुठला? घरातला ब्लूटूथ चालेल का? मला चष्मा आहे.

शहापूर_मिक्सर
ब्लूटूथ नकोच. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथची आवाज पाठवायची नेहमीची पद्धत) आवाज साधारण २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) दोन ठोक्यांतलं अंतरच ४६९ मिलिसेकंद. जवळपास अर्धा ठोका मागे ऐकून बीट जुळणार कशी?

क्लोज्ड-बॅकच (कपाची मागची बाजू बंद असलेला) घ्या, ओहम (हेडफोनचा विद्युत अडथळा) ३२ ते ७० च्या आसपास. २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन कंट्रोलरवर दबलेला वाजतो. ५० मिमी ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) बघून भुलू नका, खरं काम पॅडच्या सीलचं, म्हणजे पॅड कानाभोवती घट्ट बसण्याचं. पॅड आणि कानामध्ये फट राहिली की आधी किक (ड्रमचा जाड ठोका) गायब होते, आणि आपण जुळवतो किकवरच. चष्म्याच्या दांडीमुळे नेमकी तिथंच फट पडते, म्हणून मऊ, जाड पॅडवाला बघा आणि चष्मा लावूनच दुकानात तपासा.

वायर सुटी होणारी हवी. हेडफोन मरतो तो वायरमुळे, ड्रायव्हर क्वचितच जातो. पायोनियर डीजेचा एचडीजे-क्यू१ (HDJ-CUE1) यात बसतो: ३२ ओहम, ४० मिमी, सुटी होणारी कॉइल (स्प्रिंगसारखी गुंडाळलेली) वायर. ऑडिओ-टेक्निका एम२०एक्स घरच्या सरावाला ठीक, पण त्याची ३ मीटर वायर कायमची जोडलेली आणि कपही फिरत नाहीत. गाडीवर ती वायर पायात येणारच. एम४०एक्सचे कप ९० अंश फिरतात, वायरही निघते, ऑफरमध्ये मिळाला तर सोडू नका. फक्त कपाकडचं टोक २.५ मिमीचं, फिरवून लॉक होणारं आहे, साधी ऑक्स वायर त्यात बसत नाही. सेनहायझर एचडी २५ चे सगळे भाग सुटे मिळतात, पण ६ हजारांत नवा येत नाही.

सोल्डरवाला_निपाणी
दादा, जुना टाकू नका. नेमकी गडबड काय होते? एकच बाजू बंद पडते, की गायकाचा आवाज जाऊन मागची वाद्यं तेवढी पोकळ ऐकू येतात?

खानापूरकर
गायक जातो! वायर दाबली की परत येतो.

सोल्डरवाला_निपाणी
म्हणजे अर्थची तार तुटली आहे. जॅकच्या वर ४ सेंमीवर वायर कापा, तुटलेली जागा तिथंच असते. नवा धातूचा ३.५ मिमी स्टिरिओ जॅक घ्या आणि त्याचं टोपण आधीच वायरमध्ये ओवा, नाहीतर शेवटी सगळं परत सोडवावं लागतं. आतल्या बारीक तारांवर करंट अडवणारा लॅकरचा थर असतो. गरम सोल्डरच्या थेंबात टोक धरून तो जाळा, तार चकचकीत झाली पाहिजे. तसं केलं नाही तर गोळी वर बसते पण करंट जात नाही. जॅकच्या टोकाला डाव्या बाजूची तार, मधल्या रिंगला उजवी, मागच्या भागाला अर्थ. बहुतेक वेळा लाल उजवी, हिरवी किंवा निळी डावी आणि तांबूस अर्थ असते, पण रंगावर विसंबू नका, मल्टीमीटर लावा. हा राहील स्पेअर.

एफएलएक्स४ चं हेडफोनचं भोक ३.५ मिमीचंच आहे, त्यामुळं जाड अडॅप्टर लावायची गरज नाही.

शहापूर_मिक्सर
पॅडबद्दल राहिलं. घाम आणि पावसाच्या झडीनं रेक्झिन सोलवटतं, चिरा पडल्या की सील गेलं. मग लोक आवाज वाढवतात. १०० डेसिबलला कानाची मर्यादा १५ मिनिटं धरतात, मिरवणूक चालते तासन् तास. बीट जुळली की हेडफोन मानेवर घ्या. काम संपल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा, ओला तसाच बॅगेत कोंबू नका. पॅड बाजारात सुटे मिळतात का, हे हेडफोन घेण्याआधीच विचारून ठेवा.