'स्क्रूबॉल' मर्डर मिस्टरीला मराठीत काय म्हणाल?

लोकहो, मदत हवीय. 'द थिन मॅन' (१९३४) या हॉलिवूड सिनेमावर लिहितेय आणि 'स्क्रूबॉल'पाशी (तऱ्हेवाईक पात्रं आणि चटपटीत संवाद असलेल्या त्या काळच्या अमेरिकी विनोदपटांचा प्रकार) गाडी अडलीय. 'विनोदी रहस्यपट' मिळमिळीत वाटतं आणि 'फार्स' तर अजिबात पटत नाही, कारण त्यातले निक-नोरा दाराआड लपत नाहीत की एकमेकांपासून काही दडवत नाहीत, नवराबायको मस्त एकमेकांची फिरकी घेत असतात आणि त्यातच खुनाचा तपास चाललेला असतो.

> फार्स नकोच. स्क्रूबॉल हा बेसबॉलमधला चेंडू, नेहमीच्या कर्व्हबॉलच्या उलट वळणारा. बेसबॉलमधला चेंडूफेक्या कार्ल हबेल याचं ते हत्यार, १९३४ च्याच ऑल-स्टार सामन्यात त्याने बेब रूथ, लू गेरिग हे नामवंत फलंदाज धरून सलग पाच जणांना बाद केलं. अमेरिकन बोलीत तऱ्हेवाईक माणसालाही स्क्रूबॉल म्हणायचे, आणि या प्रकारच्या सिनेमांना नाव देताना दोन्ही अर्थ मागे होते. आपला 'गुगली' चेंडूपुरता चालेल, पण तऱ्हेवाईक माणसाला आपण गुगली म्हणत नाही.

>> मग 'चक्रम खूनपट'?

>>> 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस'ला (१९४४) चक्रम चपखल बसेल, तिथे दोन प्रेमळ आत्या एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना वाइनमधून विष देतात आणि भाच्याला खिडकीखालच्या पेटीत प्रेत सापडतं. त्याला फार्स म्हटलं तरी चालेल. पण निक चक्रम नाही हो, शेवटची मेजवानी आठवा, सगळे संशयित टेबलाभोवती, वेटरच्या वेषात पोलीस, आणि खुनी कोण हे निकलाच अजून नक्की माहीत नाही, तो बोलता बोलता शोधतोय! निक-नोरा झालेल्या विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय यांच्या बोलण्याचा तो ताल शब्दात यायला हवा.

>>>> ताई, शब्द तुम्हीच लिहून गेलात की. फिरकी! चेंडूचीही आणि माणसाचीही. 'फिरकीबाज रहस्यपट' लिहा.

>>>>> अरे वा, हे फार आवडलं! 'द मॅड मिस मँटन'लाही (१९३८) लागू पडतं, बार्बरा स्टॅनविक आणि हेन्री फोंडा पूर्ण सिनेमाभर तेच करतात. फक्त पहिल्या उल्लेखात 'स्क्रूबॉल'ही ठेवा, नाहीतर शोधणाऱ्याला सिनेमे सापडणार नाहीत.

>>>>>> ठेवते. आणि 'थिन मॅन' म्हणजे निक नव्हे, तो बेपत्ता झालेला शास्त्रज्ञ, हेही लिहिते, कारण पुढच्या पाचही भागांना तेच नाव चिकटल्यामुळे बऱ्याच जणांचा घोळ होतो.