आत्या समोर नसली तरी नोटरी करून देतो म्हणतायत, चालेल का?

नीराकाठ:
नमस्कार मंडळी. आजोबांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वडील, काका आणि आत्या अशी तीन नावं आहेत. आत्या नागपूरला असते, तिला हक्क सोडायचाय, तिची काहीच हरकत नाही पण गुडघ्यांमुळे एवढा प्रवास जमत नाही. तहसीलबाहेर बसणारे एक नोटरी म्हणाले हक्कसोड टाइप करून देतो, कुरियरने पाठवा, सही आणि आधारची झेरॉक्स आली की शिक्का मारतो, बाईंना आणायची गरज नाही. वडील म्हणतात सगळे असंच करतात. मला धाकधूक वाटतेय, करावं का?

काळाकोट:
अजिबात नको. एकतर जमिनीचं हक्कसोड नोटरी करून उपयोगच नाही, 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे ते दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रार) रजिस्टरच व्हावं लागतं, तलाठी फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावातला बदल) धरणार कशावर? वडिलोपार्जित असेल आणि भावालाच विनामोबदला देत असतील तर 500 च्या स्टॅम्पवर होतं, म्हणजे पैसे वाचवायचा पण प्रश्न नाही.
आणि नोटरीचं म्हणाल तर त्याच्या शिक्क्याचा अर्थच हा की हा माणूस माझ्यासमोर आला, मी ओळख पाहिली, सही माझ्यादेखत झाली. मजकूर खरा की खोटा याची हमी तो देत नाही, पण समोर कोण होतं याची देतो. तेवढं एकच काम आणि तेच करायचं नाही म्हणजे काय राहिलं मग?

उंबरठा:
वकीलसाहेब, पुस्तकात ठीक आहे हो. आमच्याकडे कोर्टाच्या गेटवर झाडाखाली आधीच सह्या शिक्के मारलेले कोरे कागद मिळतात. नोटरीवर लग्न आणि घटस्फोट पण लावून देतात!

काळाकोट:
देतात ना, म्हणूनच केंद्राच्या कायदा मंत्रालयाला 2024 मध्ये लेखी सांगावं लागलं की लग्न-घटस्फोटाचे कागद करणं नोटरीचं काम नाही, केलं तर ते गैरवर्तन. 1952 च्या नोटरी कायद्याच्या कलम 10 खाली नोटरींच्या यादीतून नाव कमी होऊ शकतं. दहा वर्षं वकिली केल्यावर (महिला आणि राखीव प्रवर्गाला सात) मिळालेलं सर्टिफिकेट दोनशे रुपयांसाठी पणाला लावतात, मला तर कळत नाही.
उद्या आत्याच्या मुलांनी हरकत घेतली की पहिलं नोटरीचं रजिस्टर मागवलं जाईल. प्रत्येक कागदाची त्यात नोंद करणं नियमाने बंधनकारक आहे. तिथे आत्याची सही कुठून आणणार? आणि आत्या त्या दिवशी नागपुरात होती हे शेजारी पण सांगतील.

नीराकाठ:
बापरे. मग नोटरी नागपूरलाच आत्याच्या घरी बोलवला तर?

काळाकोट:
नोटरी घरी येऊ शकतो, त्यात गैर काही नाही, जायचा वेगळा खर्च घेतो. पण तुमचं काम त्याने होत नाही. आत्यांना नागपूरच्या दुय्यम निबंधकाकडून कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने दुसऱ्याला सही करायचा अधिकार देणारा कागद) ऑथेंटिकेट करून घ्यायला सांगा, त्यात हक्कसोडाचा आणि गट नंबरचा स्पष्ट उल्लेख हवा. आजारपणामुळे जाता येत नसेल तर नोंदणी कायद्याच्या कलम 33 प्रमाणे ऑफिसला जायची सक्ती नाही, अर्ज आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा, अधिकारी घरी येऊन खात्री करू शकतात. मुखत्यार मात्र तुमच्या वडिलांना करू नका, घेणारे तेच आहेत.

उंबरठा:
हे बरं सांगितलंत. आमच्या बहिणीचं अडकलंय, तिला पण पाठवते हा धागा.

नीराकाठ:
वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग त्या नोटरीला दिलेला ॲडव्हान्स?" 😅