मदत हवी आहे : डेव्हिड जेसनचं पुढे काय बघू?

मंडळी, जरा मार्गदर्शन करा. बाबांना ब्रिटिश अभिनेता डेव्हिड जेसनच्या 'अ टच ऑफ फ्रॉस्ट' या पोलिसी मालिकेचं वेड लागलंय. कागदपत्रांचा कंटाळा करणारा, साहेबाशी सतत खटके उडणारा त्यातला इन्स्पेक्टर फ्रॉस्ट त्यांना अगदी आपला वाटतो. म्हणून मी जेसनच्याच 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या विनोदी मालिकेतला 1989चा तो बारमधला प्रसंग दाखवला. डेल बॉय (म्हणजे जेसनच) ऐटीत रेलायला जातो, काउंटरची फळी मघाशीच उचललेली, आणि गडी हातसुद्धा न टेकता सरळ आडवा! बाबा म्हणाले, "हा तो फ्रॉस्ट नव्हेच." नाव दाखवलं तेव्हा पटलं.

आता त्यांना या माणसाचं सगळंच बघायचंय. 'पॉरिज'मध्ये पस्तिशीतच म्हातारा कैदी ब्लँको, 'डेंजर माउस' या कार्टूनला आवाज, 'डार्लिंग बड्स ऑफ मे'मधला खुशालचेंडू पॉप लार्किन... सुरुवात कुठून करू? 'ओपन ऑल अवर्स'मधला दुकानातला पोऱ्या ग्रॅनव्हिल 2013पासूनच्या 'स्टिल ओपन ऑल अवर्स'मध्ये स्वतःच मालक होतो, तेव्हा जुनी आधी बघायलाच हवी ना?

मुख्य अडचण भाषेची. फ्रॉस्टचं इंग्रजी बाबांना समजतं, पण डेल बॉयची लंडनमधल्या पेकहॅमची बोली आणि त्याचं चुकीचं फ्रेंच डोक्यावरून जातं. (माझ्याही, खरं तर.) सबटायटल्ससह हे सगळं भारतात अधिकृतपणे कुठे मिळेल? डीव्हीडी असली तरी चालेल, प्लेअर अजून शाबूत आहे.