मदत हवी आहे: मिस्ट्री स्नेलच्या अंड्यांना बुरशी, शंखाला पांढरे खड्डे

टाकीतलं_शेवाळ:
टाकी 45 लिटरची, स्पंज फिल्टर, पाणी 26 अंश, पूर्ण आरओचं. 4 मिस्ट्री स्नेल (गोड्या पाण्यातल्या पाळीव गोगलगायी), सोबत 5 गप्पी मासे. स्नेलच्या मादीने पाण्याच्या वर काचेवर अंड्यांचा गुलाबी घोस घातला. तो लगेच काढून डबीत ओल्या टिश्यूवर ठेवला, आठव्या दिवशी कापसासारखी बुरशी आली. मोठ्यांच्या शंखाच्या टोकाला पांढरे खड्डे पडलेत. दोन्हीचं कारण एकच असेल का?

काचेपलीकडे:
नाही, कारणं वेगळी आहेत.

आधी घोस. ताजा घोस पेस्टसारखा मऊ असतो, 24 तास हात लावू नका. मग ओल्या बोटाने हलकेच डावी-उजवीकडे सरकवत सोडवा, ओढू नका. टिश्यू भिजवून घट्ट पिळायचा. दाबल्यावर पाणी सुटलं तर तो जास्त ओला आहे. झाकणाखाली साचलेले थेंब घोसावर टपकले की अंडी गुदमरतात आणि बुरशी धरते, म्हणून झाकण तिरकं ठेवा, दोन-तीन भोकं पाडा. डबी टाकीतच तरंगती ठेवली की उबही मिळते. रोज एकदा मिनिटभर उघडा.

घोस फळलाय का, हे पाचेक दिवसांनी मागून मोबाइलचा टॉर्च लावला की समजतं, अंड्यांत गडद ठिपके दिसतात. पिल्लं 2 ते 4 आठवड्यांत निघतात. निघायच्या आधी घोस राखाडी, सुरकुतलेला दिसतो आणि नवखे लोक बुरशी समजून फेकून देतात! खरी बुरशी मात्र लोकरीसारखी उभी असते. तुमच्या वर्णनावरून ती खरीच.

खारं_पाणी_नको:
खड्डे आरओमुळे. त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच, आणि पीएच 7 च्या खाली गेला, म्हणजे पाणी आम्ल झालं, की शंख विरघळायला लागतो. जुना भाग सर्वात आधी झिजतो, म्हणून टोक. पडलेले खड्डे भरून येत नाहीत. सुधारणा शंखाच्या तोंडाशी नव्या कडेवर बघायची.

पीएच 7.2 ते 8, जीएच (पाण्याचा कठीणपणा) 8 ते 15 ठेवा. आठवड्याला पाव पाणी बदलताना आरओऐवजी नळाचं, क्लोरीन काढलेलं घाला. एकदम सगळं बदलू नका. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (कटलफिशच्या आतल्या पांढऱ्या, हलक्या कवचाचा) अंगठ्याएवढा तुकडा टाका, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. सुरुवातीला तरंगतो, दगडाला बांधा. तांब्याचं औषध टाकीत कधीच नको, स्नेल मरतात.

टाकीतलं_शेवाळ:
पिल्लांना काय द्यायचं? आणि जास्त घोस आले तर?

काचेपलीकडे:
पिल्लं 2-3 मिमीची, वेगळ्या जाळीच्या खोक्यात ठेवा, गप्पी त्यांच्या मिशा तोडतात. स्पिरुलिनाची (वाळवलेल्या शेवाळाची) चिमूटभर पूड, उकडलेला दोडका. उरलेलं त्याच दिवशी काढा. अमोनिया वाढला की आधी पिल्लंच मरतात. एका घोसात शंभरावर पिल्लं असू शकतात, 45 लिटरमध्ये मोजकीच ठेवा. मादी नराचं बीज महिनोन्महिने साठवून ठेवते, त्यामुळे नर काढला तरी घोस येत राहतील. नको असलेला घोस ताजा असतानाच दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून कचऱ्यात टाका. नाल्यात किंवा तळ्यात अजिबात नाही.