तुमचं लाडकं जेवण कुठलं? घरचं सांगा, बाहेरचंही सांगा (सातारा-सांगलीवाले आधी)

लसूणपाकळी
काल रात्री पुण्यात पाऊस, त्यात लाइट गेलेली, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लसणाची फोडणी दिली. बास. मी खिडकीतच अडकले.

गाव कराडच्या पुढं, पाटणच्या रस्त्याला. पावसाळ्यात आमच्याकडं चार-चार दिवस ऊन नसतं. माळवं (भाजीपाला) महाग, बाजार लांब. मग आई उडदाचं घुटं करायची. टरफलाची डाळ तव्यावर जराशी भाजायची, मऊ शिजवायची आणि रवीनं घोटायची. मिरची, लसूण, आलं, जिरं, कोथिंबीर ठेचून त्यात. हळद नाही. त्यामुळं रंग असा काळपट करडा. वाडग्यात वाढायचं, वर कच्चं तेल, आणि ज्वारीची भाकरी कुस्करून बोटं चाटत खायचं. उरलं तर सकाळी थिजून वडीसारखं होतं. मला ते थिजलेलंच जास्त आवडायचं.

नववीत एकदा डब्यात नेलं. शेजारची म्हणाली, "अगं हे काय, सिमेंट?" सगळा बाक हसला. मीपण हसले. त्यानंतर डब्यात घुटं कधीच नेलं नाही. आणि गेल्या आठवड्यात ऑफिसात सगळ्यांनी आपापलं आवडतं जेवण सांगायचं होतं, तर मी बिर्याणी सांगून मोकळी झाले! वय २४, अजून त्या बाकाला घाबरते.

बाहेरचं म्हणाल तर कराडच्या प्रीतिसंगमावरची भेळ. कॉलेज सुटलं की यशवंतराव चव्हाणांच्या समाधीच्या बाजूनं खाली उतरायचं, कृष्णा-कोयना दोन्ही समोर आणि हातात कागदाचा पुडा. कांदा जास्त मागायचा, लाजायचं नाही.

तुमचं लिहा.

दीड_भाकरी
घुटं!!! आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मेसमध्ये पनीर होतं. हा धागा काढणाऱ्याला पाप लागेल.

कृष्णाकाठी
आमच्या आजीचं म्हणणं, घुटं घोटताना बोलायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. खरं कारण मला मोठं झाल्यावर कळलं. तेवढा वेळ तरी आम्ही पोरं गप बसावीत म्हणून.

पेठनाका
बाहेरचं म्हणजे आख्खा मसूर. विषय संपला. इस्लामपूरला डिप्लोमाला होतो, महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर खिशात जे काय असेल ते चौघांनी टेबलावर ओतायचं आणि त्यात बसेल तेवढा मसूर नि रोट्या. तर्री परत मागितली तर मिळायची, रोटी नाही मिळायची. त्यामुळं आम्ही रोटीचा तुकडा असा नखाएवढा तोडायचो. एकदा ढाबेवाल्या मामांनी न मागता दोन रोट्या टाकल्या ताटात, म्हणाले परीक्षा हाय न्हवं. ते आजपण आठवतंय. तसा मसूर पुण्यात कुठं मिळाला तर सांगा. डाळ मखनीला आख्खा मसूर म्हणून देतात हरामखोर.

माहेरवाशीण_वाई
@पेठनाका भाषा.

पेठनाका
सॉरी ताई. पण देतात.

हळदी_बाजार
सांगलीकडनं मी. घरचं: डिग्रजच्या वांग्याची भरली वांगी. कृष्णाकाठच्या वांग्याला बी कमी, साल पातळ, देठासकट शिजतं. शेंगदाण्याचं कूट, तीळ, चटणी, मीठ, एवढंच. लोक त्यात चिंच-गूळ घालतात, घालोत बापडे.
बाहेरचं: काही नाही. बाहेर भडंग. ते पण घरीच येतं.

सध्या_बंगळूर
भडंगावरनं आठवलं, इथं एकानं मला "कुरमुऱ्याचा चिवडा" म्हणून काहीतरी दिलं. चिरमुरे म्हणा रे!! आणि भडंगाला चिवडा म्हणू नका. त्यात तळलेला लसूण सालासकट पाहिजे, कढीपत्ता कुरकुरीत पाहिजे, आणि खाल्ल्यावर बोटं लाल झाली पाहिजेत. पांढऱ्या बोटांनी भडंग खाऊन उठलेला माणूस मी बघितला नाही.

दीड_भाकरी
मुंबईत कुरमुरेच म्हणतात भाऊ, त्यांची काय चूक.

सध्या_बंगळूर
चूक नाही. दुर्दैव.

आत्ती_सांगलीवाडी
मी वयानं मोठी आहे, धागा तरुण पोरांचा दिसतोय, तरी लिहिते. भाच्यानं हातात फोन दिलाय.
२०१९ चा ऑगस्ट, महापूर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं. आम्ही नातेवाइकांकडं नाही जाऊ शकलो, शाळेत होतो. दोन दिवस बिस्किटं नि केळी. तिसऱ्या दिवशी वरच्या अंगाच्या गावांतनं टेंपो आला, त्यात पोत्यात भरलेल्या भाकऱ्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, काही गरम, काही वाळलेल्या. एकेका घरानं पाच पाच, दहा दहा थापून दिलेल्या. प्रत्येक भाकरी वेगळी हो. कुणाची जाड, कुणाची कडेला करपलेली, एक तर इतकी पातळ नि गोल की मी म्हटलं ही नक्की कुणा नव्या सुनेची, सासू बघत होती म्हणून अशी आली. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि खर्डा. माझा मुलगा तेव्हा बारावीत, एरवी भाकरी म्हटलं की तोंड वाकडं. त्या दिवशी साडेतीन खाल्ल्या.
हॉटेलातलं मला विचारू नका.

कृष्णाकाठी
आत्ती 🙏
आमच्या गावातनं पण गेलेल्या भाकऱ्या. आईनं रात्री दोनपर्यंत थापल्या. तिच्या जाड असतात. तुम्हाला आली असेल तर माफी असावी.

आत्ती_सांगलीवाडी
जाडच बरी. पोटाला आधार होतो.

तासगावचा_बेदाणा
मूळ विषयाकडं येतो. पण आधी एक प्रश्न, सांगलीत विश्रामबागेत दोघांसाठी रूम आहे का कुणाच्या माहितीत? बहिणीसाठी. जेवणाची सोय नसली तरी चालेल.

हां तर जेवण. हुग्गी. खपली गव्हाची खीर म्हणा हवं तर, पण आमच्याकडं हुग्गीच. खपली भिजवून, सडून, टरफल काढून, मग तासन्तास शिजवायची. गूळ, खोबरं, खसखस, वेलची, सुंठ. शेजाऱ्यांच्या लग्नात, जैन आहेत ते, पंगतीत आली. वर दूध. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा सहावीत. वाढप्याला "पुरे" म्हणायचं असतं हे मला माहीत नव्हतं, मी नुसता वर बघून हसत होतो, तो वाढत होता. पाच वेळा. नंतर मांडवामागं खाटेवर पडून होतो, वऱ्हाड गेलं तरी उठता येईना. बाबांनी उचलून नेला.

लसूणपाकळी
@तासगावचा_बेदाणा मैत्रिणीला विचारते रूमचं. मांडवामागची खाट 😂

जरंडेश्वर_पॅसेंजर
कोरेगावकर हजर. आमचा वाघ्या घेवडा कुणी घेतलाच नाही अजून? वाघासारखे पट्टे असतात दाण्यावर म्हणून वाघ्या. २०१६ ला जीआय मानांकन मिळालंय त्याला, उगाच नाही. नोकरीला दिल्लीत होतो, मेसमध्ये रविवारी राजमा-चावल, सगळे असे धावायचे. मी म्हटलं बघू काय एवढं. बघतो तर आमच्या घेवड्याचा सख्खा चुलतभाऊ! आई याचं कालवण करते, येसूर (भाजून दळलेला घरचा मसाला) लावून, पातळ. भातावर नाही, भाकरीवर. दिल्लीवाल्या मित्राला घरी आणून खायला घातला. तो म्हणाला राजमा तिखट झालाय. मी त्याला दुसऱ्या दिवशीच्या रेल्वेनं परत पाठवला (त्याचं रिझर्व्हेशन होतंच).

माहेरवाशीण_वाई
कालवण हा शब्द किती दिवसांनी वाचला. सासरी पुण्यात आमटी म्हणतात. आणि मी पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना विचारलं, "आई, आज कोरड्यास काय करू?" त्या म्हणाल्या, कोरडं काय आहे, ओलं काय आहे, नीट सांग. भाजीला कोरड्यास म्हणतात हे समजावता समजावता कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या.

माझं आवडतं: बेंदराची (बैलांचा सण) पुरणपोळी नाही, दुसऱ्या दिवशीची कटाची आमटी. मुरलेली. बाहेरचं काही खास नाही, महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी क्रीम खायला पाहुणे आले की जावं लागतं. आपण आपलं भिलारला शेतातनं पाटीनं घ्यावी, धुवावी, खावी.

दूध उतू गेलं, आले.

दीड_भाकरी
कंदी पेढ्याबद्दल कुणी बोलणार का? सातारा लिहिलंय वर.

जरंडेश्वर_पॅसेंजर
काय बोलायचं? खवा लालसर होईपर्यंत भाजलेला पाहिजे आणि गोड कमी. मागच्या दिवाळीला हायवेवरच्या एका दुकानातनं दोन किलो घेतले, साहेबांना द्यायला. साहेबांच्या घरी डबा उघडला तर पेढ्यांना हिरवी लव. साहेब काही बोलले नाहीत. मार्चमध्ये इन्क्रिमेंट पण काही बोललं नाही.

हळदी_बाजार
😂😂
आमच्याकडं पौर्णिमेला वाडीला जाऊन बासुंदी नि कवठाची बर्फी. सांगलीची शान.

कृष्णाकाठी
नरसोबाची वाडी कोल्हापूर जिल्ह्यात आहे हो.

हळदी_बाजार
बासुंदी आमच्या पोटात आहे. जिल्हा तुम्ही ठेवा.

सध्या_बंगळूर
मला खरं तर चटणीवर लिहायचं होतं, मघाशी चिरमुऱ्यात घसरलो.
मे महिन्यात आमच्याकडं घरात कुणाला सरळ श्वास घेता येत नाही. गच्चीवर मिरच्या वाळत, रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी. देठं मोडायचं काम पोरांकडं. हाताला तेल लावून बसायचं आणि चुकूनही डोळ्याला हात लावायचा नाही, तरी एक जण लावतोच (मी). मग खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला आई वेगवेगळा भाजते. कांदा आदल्या दिवशीच चिरून उन्हात. हे सगळं डबे भरभरून डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीवर. तिथला धडधड आवाज, रांगेत तोंडाला पदर बांधलेल्या बाया, आणि सगळ्या शिंकतायत. आपला डबा कुटताना मागच्याच्या चटणीची भेसळ होऊ नये म्हणून आई डंकापाशी पोलिसासारखी उभी. घरी आल्यावर बरणीत दाबून भरायची, मध्ये मध्ये हिंगाचे खडे.

तर गेल्या वर्षी आईनं दोन किलो दिली. रात्रीची स्लीपर. पिशवी वरच्या बर्थवर, मी खाली. बेळगावच्या पुढं कुठंतरी पिशवी फाटली आणि एसीच्या हवेनं सगळीकडं... पूर्ण बस खोकत उठली. क्लीनर कन्नडमध्ये काय म्हणाला ते कळलं नाही, पण कळलं. उरलेली अर्धा किलो मी शर्टात गोळा केली. तो शर्ट अजून धुतलेला नाही असं बायको सगळ्यांना सांगते. धुतलाय. वास जात नाही त्याला मी काय करू.

पेठनाका
शर्ट पाण्यात उकळ. आमटी होईल.

आत्ती_सांगलीवाडी
चटणी प्लास्टिकच्या पिशवीत द्यायची नसते, कापडी पिशवीत घालून मग डब्यात. आईला सांगा. आणि यंदा डंकाचा दर काय झालाय कुणाकडं? आमच्या इथला बंद पडला.

तासगावचा_बेदाणा
रूम मिळाली!! लसूणपाकळीच्या मैत्रिणीच्या मावशींकडं. आणि मावशी डबापण देणारेत. बहीण विचारते, घुटं असतं का त्यात.

लसूणपाकळी
😄 माझा रिपोर्ट. आज सुट्टी होती, केलं घुटं. रवी नव्हती, मग स्टीलच्या पेल्याच्या बुडानं घोटलं. गुठळ्या राहिल्या (घोटताना फोनवर बोलत होते. कृष्णाकाठीच्या आजींना नमस्कार). रूममेट लखनौची. तिला वाटलं काहीतरी जळालंय. मग वाडग्यातनं बोटानं घेतलं, परत घेतलं, आणि शेवटी भाकरी नव्हती म्हणून ब्रेडला लावून खाल्लं. मला बघवलं नाही पण मी काही बोलले नाही.

सोमवारी डब्यात नेतेय.

आईला फोन केला, पुढच्या शनिवारी येते, घुटं कर. तर म्हणाली पाऊस कुठाय इकडं, आणि उडीद संपलेत, यायच्या आधी चार दिवस सांगत जा.

माहेरवाशीण_वाई
मग येताना मंडईतनं घेऊन जा उडीद.

कृष्णाकाठी
टरफलाचेच घे. पांढरे सोललेले नेलेस तर आई दारातनं परत पाठवील.

दीड_भाकरी
आणि सोमवारी सिमेंट कुणी म्हणालं की इथं येऊन सांग. बघतो त्याला.