मदत हवी आहे: मामांची जुनी टीडीआय पन्हाळ्याच्या चढाला मान टाकते

राम राम मंडळी,

आधी गाडीची कुंडली. स्कोडा ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय (टर्बो डिझेल), २००५ची, एमएच-०९, मीटरवर २ लाख १८ हजार. इंजिन कोड एएलएच (टायमिंग बेल्टच्या कव्हरवरचा स्टिकर अजून वाचता येतो). गाडी मामांची. इचलकरंजी ते कोल्हापूर आठवड्यातून दोनदा, एवढाच तिचा संसार. मामा साठच्या वर जात नाहीत आणि दीड हजार आरपीएमला पुढचा गिअर टाकतात. "इंजिन ओरडलं की डिझेल पितं" हे त्यांचं शास्त्र. पुढे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी तीन वर्षं शेडमध्ये उभी राहिली. मामी म्हणाली भंगारात घाला. मी म्हटलं, मला द्या.

माझं शिरोली एमआयडीसीत छोटं जॉबवर्क आहे, त्यामुळे हात काळे व्हायची भीती नाही. घर कसबा बावड्यात, अंगणात पत्र्याचं शेड. गेल्या दिवाळीपासूनचे सगळे रविवार तिथंच गेले. बायकोनं घोड्यांना (गाडीखाली लावायच्या, खऱ्या नव्हे) नावं ठेवलीत.

आतापर्यंत झालेलं: टाकी उतरवली, तळाला काळा चिखल होता, उपसून धुतली. डिझेल फिल्टर दोन महिन्यांत तीनदा बदलला. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम टाकले. बेल्ट कधी बदलला होता ते मामांना आठवेना, आणि हा तुटला तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आपटतात, म्हणून विषाची परीक्षा घेतली नाही. कॅमशाफ्ट लॉक करायची पट्टी आमच्याच मशिनवर काढली. त्या कामाचा अजून अभिमान वाटतो. सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरायचा. पंपाजवळच्या पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले, म्हणजे कुठून तरी हवा ओढत होता. पंपाचे जुने रबरी सील सुकले होते, ते पंपवाल्याकडून बदलून घेतले. आता अर्ध्या सेल्फला उठते. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट पावसाळ्यात भिजायचं, ते दाराच्या आतल्या सीलमुळे निघालं.

आता मूळ रडगाणं. वाघबीळ सोडून पन्हाळ्याकडे वळलं की तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबतो. अडीच हजारांपर्यंत अशी ओढते की बघत राहावं, आणि मग अचानक कुणी दोरी कापल्यासारखी मेलेली. टर्बोची (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची) शीळ बंद. पुढचा चढ दुसऱ्यात रखडत. बाजूला घेऊन किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की जणू काही झालंच नाही. कागलपर्यंत हायवेला ट्रक ओलांडताना दाबली तरी हेच. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट उघडायच्या आधीच निदान: टर्बो गेला, नवा टाका. आकडा ऐकून हातातला चहा गार झाला. दुसरीकडे एक मित्र म्हणतोय रीमॅप मार (म्हणजे इंजिनच्या कंप्युटरचं सेटिंग बदल), सगळं जागेवर येईल. मला पुढे रीमॅप, मोठी नोझल (डिझेल फवारणारी) आणि मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) करायचाच आहे. पण आधी हे काय आहे ते सांगा.

– जुनाट_डिझेल

---

लक्ष्मीपुरी_लोड:

भावा, त्या गॅरेजवाल्याला लांबूनच नमस्कार घाल. टर्बो गेला असता तर किल्ली फिरवून बरा झाला असता व्हय? मेलेला माणूस चहा पिऊन उठत नाय. कंप्युटरनं स्वतःहून दम काढून घेतलाय, त्याला लिम्प मोड म्हणत्यात. किल्ली बंद केली की तो विसरतो आणि पुन्हा पहिल्यासारखा चालतो. लॅपटॉप लावून कोड बघ आधी.

रंकाळा_राऊंड:

रीमॅप मार, पन्हाळ्याला जाळ आन धूर संगटच!

जुन्या_पान्यांचा_सेट:

वरच्या दोघांतला पहिला बरोबर, दुसऱ्याकडे सध्या दुर्लक्ष करा.

तुमचा कोड एएलएच आहे हे लिहिलंत ते फार बरं केलंत. त्याच काळातलं एजीआर कोडचं इंजिनही १८९६ सीसी आणि ९० पीएसच, पण त्याचा टर्बो साधा. एएलएचच्या टर्बोत टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्या असतात. बागेत पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते, तसंच. आरपीएम कमी असताना पात्या मिटतात, धूर जोरात टर्बाइनवर बसतो आणि पिकअप लवकर येतो. आरपीएम वाढले की पात्या उघडायला हव्यात. काजळी साचून त्या मिटलेल्या अवस्थेतच अडकल्या, तर टर्बो गरजेपेक्षा जास्त हवा कोंबतो. कंप्युटर दोन-चार क्षण वाट बघतो आणि इंजिन वाचवायला डिझेल आणि बूस्ट दोन्ही कापतो. तुमचं वर्णन याला तंतोतंत लागू पडतं. अडीच हजारांपर्यंत उत्तम ओढते, हाच पुरावा.

आणि काजळी का साचली ते तुम्हीच लिहिलंय. मामांचं दीड हजारांचं शास्त्र! वर्षानुवर्षं पात्या एकाच जागी राहिल्या, इंजिन कधी नीट तापलं नाही, त्यात तीन वर्षं उभी. त्यांना सांगू नका, वाईट वाटेल.

पैसे खर्च न करता करायच्या दोन गोष्टी. टर्बो फायरवॉलच्या बाजूला आहे. त्याच्या डब्यासारख्या अॅक्च्युएटरवरची (हा डबा एका दांडीनं पात्या हलवतो) व्हॅक्यूमची बारीक नळी काढा. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, नळीचा तुकडा जोडून ओढा आणि आरशात बघत राहा. दांडी सावकाश, न अडखळता वर जायला हवी आणि सोडली की तशीच खाली. झटके देत असेल किंवा अर्ध्यात थांबत असेल तर पात्या अडकल्यात. सिरिंज ओढून धरलेली असतानाही दांडी आपोआप परत येत असेल, तर डब्याचा पडदा फाटलाय.

दुसरं, लॅपटॉप आणि केबल मिळाली तर ग्रुप ०११ रेकॉर्ड करा. त्यात आरपीएम, मागितलेला दाब, मिळालेला दाब आणि व्हॅक्यूम सोडणाऱ्या एन७५ व्हॉल्व्हचा टक्का एकत्र दिसतो. सुरुवातीला इंजिन बंद, किल्ली चालू ठेवून आकडा बघा. कोल्हापुरात साधारण ९५० मिलिबार दिसला की सेन्सर ठीक. मुंबईवाल्यांचे १०१० वाचून घाबरू नका, आपण समुद्रसपाटीच्या बरेच वर राहतो.

नळ्या बदला हे सांगायलाच नको. वीस वर्षांच्या नळ्या बिस्किटासारख्या तुटतात.

जुनाट_डिझेल:

मास्तर, पाया पडतो.

केबल एका मित्राकडून आणली. कोड १७९६५, बूस्ट नियंत्रण, जास्तीचा फरक. काल सकाळी पन्हाळ्याला जाऊन ग्रुप ०११ घेतला, शेजारी मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन. किल्ली चालू, इंजिन बंद: ९४८. चढावर तिसऱ्यात २६०० आरपीएमला मागितलेला दाब साधारण २००० आणि मिळालेला २३४०. एन७५चा टक्का खाली खाली गेला तरी दाब काही उतरेना, आणि मग फट् करून सगळं बंद. मुलगा म्हणाला, बाबा, आलेख बघा, आपल्या पंचगंगेसारखा चढलाय.

सिरिंजनं दांडी अर्ध्यापर्यंत जाते, मग कचकन अडकते. सोडली तर तिथंच राहते, बोटानं ढकलली की खाली.

जुन्या_पान्यांचा_सेट:

निकाल लागला. नवा टर्बो नको, साफसफाई हवी.

काही जण गाडीवरच एक्झॉस्टच्या बाजूनं ओव्हन क्लीनर फवारतात. कधी कधी चालतंही. पण तुमच्याकडे घोड्या आहेत, वेळ आहे, मशिनची जाण आहे. टर्बो काढूनच करा. एएलएचमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बाइनचं घर एकाच कास्टिंगमध्ये आहे, त्यामुळे वजनी निघेल. मदतीला माणूस घ्या, आणि गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. नटांवर आदल्या रात्री आणि सकाळी गंजतेल टाका, नाहीतर स्टड तुटून उद्यमनगर गाठावं लागेल.

टर्बाइनचं घर वेगळं केल्यावर पात्यांची रिंग पितळी ब्रशनं साफ करा. कॉस्टिक असलेलं काहीही कॉम्प्रेसरच्या अॅल्युमिनियमला लागू देऊ नका. आणि पात्यांच्या मर्यादेचा जो छोटा स्क्रू आहे, तो कंपनीनं लावलाय तिथंच राहू द्या. पान्याला हात लावायची इच्छा होईल, तेव्हा चहाला जा. दांडीची लांबीही तशीच.

शाफ्ट हातानं हलवून बघा. बाजूला किंचित खेळ असतो, पण पुढे-मागे जाणवला तर बेअरिंग बघावं लागेल. इंटरकूलरच्या नळ्यांत तेल किती साचलंय तेही बघा. हातावर ओल, चालेल. वाटीभर निघालं तर काढून टाका, कारण डिझेल इंजिन ते तेलच डिझेलसारखं पिऊन किल्लीलाही न जुमानता पळू शकतं. असं कधी झालंच तर वरचा गिअर, ब्रेक दाबून क्लच सोडा, इंजिन कोंडून बंद होतं. हे आधीच डोक्यात ठेवलेलं बरं. त्या क्षणी कुणाला सुचत नाही.

बसवताना तेलाच्या नळीचे वॉशर नवे. टर्बोच्या तोंडातून थोडं इंजिन ऑइल ओता. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून सेल्फ मारा, म्हणजे इंजिन पेटणार नाही आणि तेल वर पोचेल. मग वायर लावून स्टार्ट.

इंटेक मॅनिफोल्डही काढा. त्या वयाच्या गाडीत ईजीआरचा (एक्झॉस्टचा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) धूर आणि ब्रीदरचं (इंजिनाच्या वाफेच्या नळीचं) तेल मिळून डांबर तयार होतं. भोक निम्मंही उरलेलं नसतं कधी कधी.

रंकाळा_राऊंड:

आणि पंपावर हातोडा? ऐकलंय एक टिचकी मारली की डिझेल वाढतं.

जुन्या_पान्यांचा_सेट:

खरं आहे, पंपाचा क्वांटिटी अॅडजस्टर (डिझेल किती द्यायचं ते ठरवणारा भाग) ठोकून सरकवतात. लॅपटॉपवर आकडा बघत, केसाएवढा सरकवतात, तोही पंप सील करताना हलला असेल तर मूळ जागी आणायला. ताकद वाढवायला ठोकला की धूर वाढतो, ताकद वाढल्याचा भास होतो.

आरसी_बघा_आधी:

सगळे इंजिनात डोकं घालून बसलेत म्हणून कागदाचं सांगतो. २००५ची गाडी म्हणजे २०२०ला आरसी रिन्यू झाली असेल, पाच वर्षांसाठी. ती मुदत बघा. पुन्हा फिटनेस आणि पर्यावरण कर आलाच. दिल्लीत जुन्या डिझेलवर जशी वयाची बंदी आली, तसं इथं नाही. एवढंच आपलं नशीब.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे, कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा आरसीतली माहिती वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. पीयूसीला बीएस-४ च्या आधीच्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) आहे. मोठी नोझल टाकून "जाळ आन धूर" केला तर तो पठ्ठ्या काळा ढग बघूनच नळी काढून घेईल. ईजीआर बंद करायचा सल्लाही कुणी देऊ नये, धुराचं उपकरण आहे ते.

लक्ष्मीपुरी_लोड:

मोठ्या नोझलचं मी भोगलंय, दुसऱ्या गाडीत. क्लच तीन महिन्यांत घसरायला लागला. तुझा क्लच जुना हाय, नव्वद पीएससाठी बनवलेला. हायवेला पाचव्यात, दीड हजार आरपीएमवरनं पूर्ण दाब. आरपीएमचा काटा उडाला आणि गाडी तशीच, तर क्लच संपत आलाय समज. आणि नोझल टाकायचीच असंल तर एक्झॉस्टचं तापमान बघायचा मीटर आधी. साडेसातशे-आठशे डिग्रीच्या वर लांब चढाला गेलास तर पिस्टन वितळायच्या वाटंला लागतोस. गगनबावड्याचा करूळ घाट खालनं वर ये, मग कळंल लांब चढ म्हणजे काय.

जुनाट_डिझेल:

उशिरा लिहितोय, माफ करा. दोन रविवार आणि एक सुट्टी गेली.

टर्बो निघाला. एक स्टड तुटलाच, उद्यमनगरला जावं लागलं, त्यांनी दहा मिनिटांत काढून दिला आणि पैसेही घेतले नाहीत. पात्या अक्षरशः काळ्या गुळात बुडवल्यासारख्या होत्या. शाफ्ट मस्त, खेळ नाही. इंटेक मॅनिफोल्डच्या तोंडात अंगठा जाईना. चार दिवस डिझेलमध्ये भिजवून खरवडलं. त्या चार दिवसांत अंगणात कुणी जेवायला बसेना.

आता सिरिंजनं दांडी लोण्यासारखी जाते आणि येते. काल मामांना शेजारी बसवून पन्हाळ्याला गेलो. तिसऱ्यात साडेतीन हजारांपर्यंत एकसारखी ओढ, नाक्यापर्यंत एकदाही कापली नाही. मिळालेला दाब मागितलेल्याच्या ५० मिलिबारच्या आत. मामा दाराची मूठ घट्ट धरून एवढंच म्हणाले, "ओरडतंय बघ ते."

आरसीची मुदत खरंच जवळ आलीय, ते आधी करतो. नोझल रद्द. इंटरकूलरही रद्द. कारखान्याच्या मूळ आकड्यांवरच ती एवढी छान चालते, हे मला माहीतच नव्हतं, कारण मी तिला कधी निरोगी पाहिलंच नव्हतं. रीमॅपचं क्लच बदलल्यावर बघू. पाचव्यातली चाचणी केली, काटा किंचित उडतो.

एक शंका मात्र उरलीय. ग्रुप ००३ मध्ये पूर्ण दाबल्यावर हवेचा आकडा आठशेच्या वर जायला हवा म्हणतात, माझा ६२० च्या पुढे जात नाही. मॅनिफोल्ड आता साफ आहे, नळ्या नव्या, एअर फिल्टर नवा. एअरफ्लो मीटरची (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची) वायर काढून चालवली तर उलट थोडी बरी वाटली. म्हणजे मीटरच दमलाय का? नवा घ्यायच्या आधी, कोल्हापूर-सांगली भागात कुणाकडे याच इंजिनाचा चांगला मीटर असेल तर तासभर लावून बघायला मिळेल का? मी येतो घेऊन, चहा-मिसळ माझ्याकडून.